वाफेची जत्रा

ऑगस्टमधील एखाद्या शनिवारी सकाळी इंग्लंडच्या ग्रामीण भागातून जाताना दूरच्या कुरणावर धुराचे पट्टे दिसू लागतात. जवळ गेल्यावर कोळशाचा आणि तापलेल्या तेलाचा वास येतो, एखादी लांबलचक शिटी ऐकू येते आणि कापणी झालेल्या शेतात रांगेने उभी असलेली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची लोखंडी इंजिने नजरेस पडतात. त्यांच्या पलीकडे रंगीत लाकडी घोड्यांची चक्री, नावेच्या आकाराचे झोके आणि चेंडू मारून नारळ पाडण्याचा खेळ असतो. 'स्टीम फेअर' किंवा 'स्टीम रॅली' या नावाने ओळखली जाणारी ही जत्रा ब्रिटनमध्ये उन्हाळाभर गावोगावी भरते. आजोबांपासून कडेवरच्या मुलापर्यंत सारे कुटुंब तेथे दिवस घालविण्यासाठी येते. वरवर पाहता ही केवळ करमणूक. परंतु कारखाने बंद पडून कित्येक दशके लोटल्यावरही एक संपूर्ण यंत्रविद्या याच जत्रांच्या आधाराने टिकून राहिली आहे.

रस्त्यावर उतरलेले इंजिन

वाफेचे इंजिन म्हटले की आपल्याकडे रेल्वेच आठवते. या जत्रांचे मानकरी मात्र रुळांविना चालणारे 'ट्रॅक्शन इंजिन' असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या शेतांवर मळणीसाठी वाफेची इंजिने वापरात आली होती. पण एका शेतावरून दुसऱ्या शेतावर ती ओढून नेण्यासाठी घोडेच जुंपावे लागत. अंगी शक्ती असलेल्या यंत्राला घोड्यांनी ओढावे, ही विसंगती केंट परगण्यातील रॉचेस्टरच्या टॉमस अ‍ॅव्हेलिंग यांना खटकली. १८५९ मध्ये त्यांनी अशाच एका इंजिनाची शक्ती साखळीच्या साहाय्याने त्याच्या मागच्या चाकांना जोडली आणि इंजिन स्वतःच चालू लागले.

त्याचे स्वागत मात्र फारसे प्रेमाने झाले नाही. १८६५ च्या कायद्याने अशा वाहनांना मोकळ्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल एवढीच वेगमर्यादा घातली. शिवाय वाहनाच्या ६० यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, असे बंधन होते. आजच्या जत्रांमध्ये एखाद्या इंजिनापुढे जुन्या पोशाखातील माणूस लाल निशाण घेऊन डौलात चालताना दिसतो, तो या कायद्याचीच आठवण करून देत असतो.

पुढे अ‍ॅव्हेलिंग अँड पोर्टर या कंपनीचे वाफेवरचे रोडरोलर जगभर गेले. भारतातील रस्तेही याच कंपनीच्या आणि 'मार्शल'सारख्या इतर ब्रिटिश कारखान्यांच्या रोलरनी दाबले. कोळसा खात, धापा टाकत खडीवरून मागेपुढे जाणारा रोलर महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्याही आठवणीत आहे. जत्रेतील रोलरच्या पुढच्या भागावर दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचे पितळी चिन्ह दिसले, तर ते यंत्र अ‍ॅव्हेलिंगचे, असे खुशाल ओळखावे. हा केंट परगण्याचा घोडा होय.

बिअरच्या पिंपाची पैज

पहिल्या महायुद्धानंतर पेट्रोल आणि डिझेलची वाहने आली आणि वाफेचे दिवस भरले. १९४० च्या दशकाअखेरीस ही अवजड इंजिने शेतांच्या कडेला गंजत पडली होती. कित्येक भंगारात गेली होती. अशा वेळी बर्कशरमधील (आता ऑक्सफर्डशरमधील) अ‍ॅपलफर्ड गावचे शेतकरी आर्थर नॅपर यांनी आपल्या 'ओल्ड टायमर' या मार्शल इंजिनाच्या जोरावर मित्राशी पैज लावली. मित्राकडे 'लेडी ग्रोव्ह' नावाचे अ‍ॅव्हेलिंग इंजिन होते. पणाला लागले होते बिअरचे एक लहान पिंप. १९५० च्या जुलैत अ‍ॅपलफर्डच्या कुरणात ही शर्यत झाली आणि नॅपर जिंकले.

बातमी वृत्तपत्रांत झळकली. पुढच्या वर्षांत पुन्हा शर्यती झाल्या, प्रेक्षकांची गर्दी वाढत गेली आणि भंगारवाल्याच्या दारातून इंजिने परत आणणारे हौशी लोक एकत्र येऊ लागले. त्यातूनच १९५४ मध्ये नॅशनल ट्रॅक्शन इंजिन क्लब स्थापन झाला. तो आज 'ट्रस्ट' या नावाने काम करतो. १९६२ च्या 'द आयर्न मेडन' या विनोदी चित्रपटाने तर एका फाउलर इंजिनालाच नायिकेचे स्थान दिले. १९६९ मध्ये डॉर्सेट परगण्यात सुरू झालेला 'ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर' हा या साऱ्यांचा मुकुटमणी ठरला. पाच दिवसांच्या या मेळ्याला अलीकडच्या काळात सुमारे दोन लाख लोक येत.

सकाळ : आगीची आराधना

जत्रेची खरी गंमत अनुभवायची तर फाटक उघडताच आत शिरावे. त्या वेळी इंजिने अजून जागी होत असतात. थंड इंजिन चटकन तापवता येत नाही. लोखंड एकदम तापले तर ते असमान प्रसरण पावते आणि बॉयलरचे सांधे निखळतात. म्हणून आधी लाकडांवर मंद आग पेटवतात, मग थोडा थोडा कोळसा घालतात. पुरेसा दाब येण्यास काही तास लागतात. तेवढ्या वेळात चालक तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्याला तेल देतो, पितळ घासतो, राख उपसतो. लहान मुलांच्या हाती चिंधी देऊन त्यांनाही कामाला लावले जाते.

चालकाची नजर सतत एका काचेच्या नळीवर असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे ती दाखवते. पाण्याची पातळी घसरून भट्टीचे छत उघडे पडले तर ते तापून मऊ होते आणि दाबाखाली फुटू शकते. यावर उपाय म्हणून त्या छतात शिशाची गुडदी बसवलेली असते. पाणी कमी झाले की शिसे वितळते, वाफ भट्टीत शिरते आणि चालकाला धोक्याची सूचना मिळते. जाणत्या चालकाच्या हयातीत ती गुडदी वितळत नाही. ती वितळणे ही त्याच्या दृष्टीने मोठी नामुष्की असते. आग, पाणी आणि दाब यांचे हे त्रैराशिक पुस्तकात वाचून पुरते कळत नाही. कोळशाचा आवाज, धुराचा रंग आणि वाफेची फुसफुस यांवरून ते उमगत जाते.

दुपार : कामाला जुंपलेली यंत्रे

दुपारी मध्यवर्ती रिंगणात इंजिनांची मिरवणूक निघते. बहुतेक इंजिनांवर दोन माणसे असतात : एक वाफ सांभाळणारा, दुसरा सुकाणूचे चाक फिरवणारा. ते चाक साखळ्यांना जोडलेले असल्याने पुष्कळ फिरवावे तेव्हा पुढची चाके थोडीशी वळतात. वजन दहा टनांच्या घरात आणि चाल माणसाच्या चालीएवढी, असा हा गजराजांचा थाट असतो.

रिंगणाबाहेर यंत्रे आपली जुनी कामे करून दाखवतात. मोठ्या चक्रावरून लांब पट्टा मळणीयंत्राकडे जातो. एका बाजूने पेंढ्या आत जातात, दुसऱ्या बाजूने धान्य पोत्यात पडते. शेजारी वाफेच्या करवतीवर ओंडके चिरले जातात. पण पाहण्यासारखी असते ती नांगरट. जड इंजिन शेतातून फिरवले तर माती दबून जाते. म्हणून लीड्सच्या जॉन फाउलर यांनी इंजिन बांधावरच उभे करून तारेच्या दोराने नांगर ओढण्याची पद्धत विकसित केली. याच कामगिरीबद्दल १८५८ मध्ये त्यांना रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे पारितोषिक मिळाले. पुढे शेताच्या दोन टोकांना दोन इंजिने ठेवून त्यांच्यामध्ये नांगर आलटून पालटून ओढला जाऊ लागला. दोन चालक एकमेकांना शिट्यांनी खुणा करतात, दोर ताणला जातो आणि नांगर काळी माती उलथीत पलीकडे सरकतो. बैलांची नांगरट ऐकून-पाहून माहीत असलेल्या मराठी माणसाला हे दृश्य चकित करणारे वाटते.

गिरकी घेणारे घोडे

मुलांचे पाय एव्हाना चक्रीकडे वळलेले असतात. जत्रेतील फिरते खेळ पूर्वी माणसे किंवा तट्टे ओढीत असत. नॉरफकमधील किंग्ज लिन येथे शेतीची यंत्रे बनवणारे फ्रेडरिक सॅव्हेज यांनी या खेळांना वाफेची जोड देऊन एक नवा उद्योगच उभा केला. चक्रीच्या मध्यभागी छोटे इंजिन आणि छतातून वर निघालेले धुराडे, अशी ही रचना होती. १८८० च्या दशकात छताखाली वाकड्या दांड्या बसवून घोड्यांना वरखाली उसळण्याची गती मिळाली आणि 'गॅलपर्स' जन्माला आले. ब्रिटनमधील ही चक्री घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे खऱ्या घोड्याप्रमाणेच डाव्या बाजूने स्वार होता येते. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत ती सहसा उलट दिशेने फिरते.

चक्रीला साथ असते ऑर्गनची. पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने १८९० च्या दशकात जाड पुठ्ठ्याच्या घडीपुस्तकाला भोके पाडून सुरावट साठवण्याची पद्धत रूढ केली. पुस्तक यंत्रातून सरकते तशा नळ्या वाजतात, ढोल बडवले जातात आणि समोरच्या कोरीव बाहुल्या घंटा वाजवतात. जवळच लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल धावत असते. आपल्या जत्रांतील 'मौत का कुआँ' तो हाच. अमेरिकेतून हा खेळ १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये आला.

अंधार पडला की जत्रेचे राजे पुढे येतात. 'शोमन्स इंजिन' म्हणजे खेळवाल्यांसाठी खास बनवलेले इंजिन. दिवसा ते खेळांचे अवजड सामान ओढून नेई आणि मुक्कामी पोचल्यावर पुढच्या भागावर बसवलेल्या डायनॅमोने वीज निर्माण करून सारी जत्रा उजळवी. खेडोपाडी वीज पोचण्यापूर्वी कित्येकांनी विजेचा पहिला दिवा पाहिला तो अशा इंजिनामुळेच. पिळदार पितळी खांब, लांबलचक छत आणि त्याभोवती दिव्यांची माळ, हे त्याचे रूप. थेटफर्डच्या चार्ल्स बरेल यांच्या कारखान्याची अशी इंजिने विशेष नावाजली गेली. फाउलर कंपनीने १९३४ मध्ये बनवलेले 'सुप्रीम' हे या जातीचे अखेरचे इंजिन मानले जाते.

कोळसा कोठून आणायचा?

ब्रिटनमध्ये जतन केलेली अशी इंजिने अडीच हजारांवर आहेत. तरीही त्यांच्या भवितव्याची चिंता आहे. पहिला प्रश्न इंधनाचा. कमी धूर आणि भरपूर उष्णता देणारा वेल्सचा कोळसा या बॉयलरना मानवतो. परंतु तेथील फॉस-इ-फ्रान ही मोठी खुली खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीजनिर्मिती केंद्रही थांबले. हवामानबदलाच्या दृष्टीने ही पावले योग्यच होती. मात्र देशातील कोळशाचा बाजारच आटल्याने हौशी इंजिनवाल्यांना परदेशातून महाग कोळसा आणावा लागतो. वनस्पतिजन्य पदार्थ मिसळून केलेल्या कोळशाच्या वड्यांचे प्रयोग चालू आहेत.

दुसरा प्रश्न खर्चाचा. ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर २०२२ मध्ये भरला. पण वाढत्या खर्चाचे कारण देत आयोजकांनी २०२३ चा मेळा रद्द केला. तिसरा प्रश्न सर्वांत बिकट, तो वारसदारांचा. व्यवसाय म्हणून ही इंजिने चालवणारी पिढी आता उरलेली नाही. तिच्याकडून शिकलेले लोकही वृद्ध झाले आहेत. टीव्हीवरील कार्यक्रमांतून हे वेड घराघरांत पोचवणारे बोल्टनचे फ्रेड डिबना २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांची शवपेटी त्यांच्याच ट्रॅक्शन इंजिनाने वाहून नेली. पण असा मान देण्यासाठीही इंजिन चालवता येणारा माणूस असावा लागतो. बॉयलरची दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी होते, जुने भाग नव्याने ओतून घेता येतात. हाताला आलेली जाण मात्र ओतून घेता येत नाही. ट्रस्टने मुलामुलींसाठी वेगळा 'स्टीम अ‍ॅप्रेंटिस क्लब' चालवला आहे तो त्यासाठीच. सकाळी चिंधी हाती आलेले मूल काही वर्षांनी सुकाणूच्या चाकावर आणि त्यानंतर वाफेच्या दांड्यावर पोचावे, अशी ही चढती पायरी आहे.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये नोकरी-शिक्षणानिमित्त राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दिवस सहज साधता येतो. जत्रेची तारीख जुळली नाही, तर लिपहूकजवळचे हॉलीकोम्ब किंवा नॉरफकमधील थर्सफर्ड येथील संग्रह पाहता येतात. जाताना पांढरे कपडे टाळावेत, कारण धुरातून काजळीचे कण उडतात. पावसाळी हवेत शेताचा चिखल होतो, म्हणून बूट मजबूत असावेत. शिट्या आणि ऑर्गन यांचा आवाज तान्ह्या मुलांना सोसत नाही. चालत्या इंजिनावरील चालकाला जवळचे, विशेषतः ठेंगणे माणूस दिसत नाही, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. मात्र उभ्या इंजिनाच्या मालकाला प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. तो बहुधा याच प्रश्नांची वाट पाहत असतो आणि एखाद्या चौकस मुलाला भट्टीचे दार उघडून आतला लालबुंद कोळसाही दाखवतो.

संध्याकाळी मंडळी परतू लागतात तेव्हा इंजिनांवर दुसऱ्या दिवसाची तयारी चालू असते. आग विझवत नाहीत. कोळसा नीट रचून ती रात्रभर मंद धुमसत ठेवतात, म्हणजे सकाळी बॉयलर कोमट असतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.