फ्लेच, मिराज आणि कमला : वेष बदलून बातमी आणणाऱ्यांची गोष्ट

मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात दोघांना खंडणीच्या गुन्ह्यात पकडलं. गळ्यात ओळखपत्र, गाडीवर मोठ्या अक्षरात 'प्रेस', आणि शर्टाच्या बटणात कॅमेरा. एका दुकानदाराकडे गिऱ्हाईक म्हणून गेले, शूटिंग केलं आणि 'बातमी लावू नको म्हणतोस तर बघ काय ते' म्हणाले. चहाच्या टपरीवर मला बघून एकजण हसत म्हणाला, "काय साहेब, आज बटण लावलंय का?" मीही हसलो. काय करणार?

पण घरी आल्यावर एक जुना सिनेमा आठवला. 'फ्लेच'. 1985 चा, हॉलिवूडचा. डिप्लोमाच्या वर्षी आम्ही तो वसतिगृहातल्या केबलवर रात्री उशिरा बघितला होता. इंग्रजी निम्मंच कळत होतं, पण दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या प्रत्येकाला फ्लेच व्हायचं होतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या एका दैनिकाचा बातमीदार आयर्विन फ्लेचर समुद्रकिनाऱ्यावरच्या ड्रगच्या धंद्याची बातमी काढायला स्वतःच भणंग गर्दुल्ला बनून वाळूत पडलेला असतो. विमानाच्या धंद्यातला एक श्रीमंत माणूस येतो आणि म्हणतो, मला हाडांचा कॅन्सर झालाय, तू मला गोळी घाल, 50,000 डॉलर देतो. समोरचा भणंग हा पत्रकार आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिथून फ्लेच कधी डॉक्टर होतो, कधी विमानाचा मेकॅनिक, टेनिस क्लबात तर तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर जेवून येतो. दर ठिकाणी नवं नाव, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. चेव्ही चेजने हे काम असं केलंय की समोरचा खवळतो आणि आपण हसतो.

मूळ कादंबरी ग्रेगरी मॅकडोनाल्डची, 1974 ची. हा माणूस 'बॉस्टन ग्लोब'मध्ये काम केलेला, त्यामुळे बातमीदार संपादकाला कसा टोलवतो हे त्याला शिकवायला नको होतं. पुस्तक जवळजवळ सगळं संवादांतच पुढे सरकतं. रहस्यकथांसाठी अमेरिकेत मानाचा समजला जाणारा एडगर पुरस्कार त्याला मिळाला. वर्षही लक्षात घ्या. 1974 च्या ऑगस्टमध्ये निक्सनने राजीनामा दिला. पत्रकार म्हणजे राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवणारा माणूस, असे ते दिवस होते. सिनेमा येईपर्यंत अकरा वर्षं गेली, आणि त्या अकरा वर्षांत वेष बदलून बातमी आणण्याबद्दल खुद्द अमेरिकन पत्रकारांचंच मत फिरलं होतं. सिनेमाला त्याचा पत्ताच नाही, किंवा असून त्याने फिकीर केली नाही.

हे मत फिरलं कसं, तो किस्सा शिकागोचा.

1977 साली 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाने एका नागरी संघटनेला बरोबर घेऊन चक्क एक बार विकत घेतला. नाव ठेवलं 'मिराज', म्हणजे मृगजळ. पॅम झेकमन आणि झे स्मिथ हे बातमीदार, त्यांचे सहकारी गल्ल्यावर आणि ग्लास धुवायला. आत लपून फोटोग्राफर. वायरिंग, नळ यांत मुद्दाम दोष ठेवलेले. मग महापालिकेचे निरीक्षक आले, पाकिटं घेतली आणि सगळं ठीकठाक आहे असं लिहून गेले. कर कसा चुकवायचा हे शिकवायला हिशेबनीस आले. 1978 च्या जानेवारीपासून 25 भागांची मालिका छापून आली. शहर हादरलं, निरीक्षक निलंबित झाले, खटले चालले. आपल्या नगरपालिकेचं कुठलंही खातं डोळ्यांसमोर आणा, वेगळं काही सांगायला नको.

पुलित्झर मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. 1979 मध्ये परीक्षकांच्या यादीत नाव होतंही, पण वरच्या मंडळाने नाकारलं. विरोध करणाऱ्यांत 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बेन ब्रॅडली होते, ज्यांनी वॉटरगेट छापलं तेच. म्हणणं असं की स्वतः खोटं बोलून आम्ही दुसऱ्याकडे प्रामाणिकपणा कसा मागायचा? गंमत म्हणजे तीनच वर्षांपूर्वी, 1976 ला, त्याच शहरातल्या 'ट्रिब्यून'ला पुलित्झर मिळालं होतं, आणि त्यातल्या एका बातमीसाठी त्यांचा बातमीदार विल्यम गेन्स इस्पितळात झाडूवाला म्हणून राहिला होता. त्याहून मोठी गंमत : ज्या जोसेफ पुलित्झरच्या नावाने हा पुरस्कार आहे, त्याच्याच 'न्यूयॉर्क वर्ल्ड'साठी 1887 मध्ये नेली ब्लाय वेडेपणाचं सोंग घेऊन दहा दिवस वेड्यांच्या इस्पितळात राहिली होती. मालकाने जे छापून पेपर खपवला, त्याला मालकाच्याच नावाचं बक्षीस नाही.

ब्रॅडलींचं मला पूर्ण पटत नाही. निरीक्षक पाकीट घेतो हे 'मी पत्रकार' असं सांगून कोणाला दिसलंय? पण त्यांची भीतीही खोटी नव्हती. 1992 मध्ये अमेरिकेतल्या 'एबीसी' वाहिनीच्या लोकांनी खोटी माहिती भरून 'फूड लायन' या किराणा साखळीत नोकऱ्या मिळवल्या आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने शिळ्या मांसाचं चित्रण दाखवलं. कंपनी कोर्टात गेली, पण बातमी खोटी म्हणून नव्हे. तुम्ही खोटं बोलून आत शिरलात म्हणून. ज्युरीने 55 लाख डॉलरचा दंड लावला. अपील होता होता 1999 मध्ये तो दोन डॉलरवर आला. दोन डॉलर! पण तोवर सगळ्या वाहिन्यांच्या वकिलांनी धडा घेतला होता.

आपल्याकडे 2007 साली दिल्लीत एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग झालं, जमावाने तिला मारहाण केली, आणि नंतर सगळंच रचलेलं निघालं. वाहिनी महिनाभर बंद ठेवली गेली. त्या बाईंचं काय?

इथे मला 'कमला' आठवते. 1981 च्या एप्रिलमध्ये 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी धौलपूर भागात 2,300 रुपयांना एक बाई विकत घेतली, देशात बायका विकल्या जातात हे सिद्ध करायला. पहिल्या पानावर बातमी, सुप्रीम कोर्टात अर्ज, देशभर खळबळ. विजय तेंडुलकरांनी त्यावर नाटक लिहिलं, आणि मराठी पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात ते सक्तीने वाचायला लावावं असं माझं मत आहे. (आमच्या वर्गात लावलं नव्हतं. मी ते नोकरी लागल्यावर वाचलं.) नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव 250 रुपयांत कमलाला आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, जमलेले पत्रकार तिला काहीबाही विचारून हसतात. घरी ती त्याच्या बायकोला साधेपणाने विचारते की तुला केवढ्याला आणलं. सगळं नाटक त्या प्रश्नावर फिरतं. शेवटी मालकावर वरून दाब येतो आणि जयसिंगची नोकरी जाते. त्यानेही कोणीतरी विकत घेतल्यासारखीच चाकरी केलेली असते.

'फ्लेच' आणि 'कमला' यांच्यात तीन-चार वर्षांचंच अंतर. तिकडे वेष बदलणारा पत्रकार हसवतो, इकडे तोच मान खाली घालायला लावतो. विनोद आणि शोकांतिका एवढाच हा फरक नाही. तेंडुलकरांनी कॅमेरा वळवून बातमीत वापरल्या गेलेल्या माणसाकडे धरला. 'फ्लेच'मध्ये किनाऱ्यावरचे गर्दुल्ले नायकाला माहिती देतात आणि कथा पुढे गेली की आपणही त्यांना विसरतो.

आणखी एक गोष्ट परवा पुन्हा बघताना जाणवली. एवढी सोंगं घेऊनही फ्लेचची केस सुटते ती कागदावर. युटामध्ये 30 लाख डॉलरची म्हणून सांगितलेली जमीन प्रत्यक्षात 3,000 डॉलरची आहे, हे खरेदीच्या कागदावरून कळतं. म्हणजे शेवटी काम केलं ते सातबारा बघणाऱ्या बातमीदाराने. आमच्याकडे महाराष्ट्रात माहितीचा अधिकार 2002 मध्ये आला, देशात 2005 मध्ये. त्याआधी कागद मागायला गेलं की 'तुम्ही कोण?' हाच प्रश्न. आताही तो अधूनमधून ऐकू येतोच, पण अर्जाची पोच तरी हातात राहते.

फ्लेचची बायलाइन मला फार आवडायची. तो 'जेन डो' या नावाने लिहितो. अमेरिकेत ओळख न पटलेल्या बाईला कागदोपत्री हे नाव देतात. आमच्याकडे त्याचं भाषांतर ठरलेलं आहे : 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

याच नावाने मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक बातमी दिली. रेशनचा गहू रात्री गोदामातून परस्पर जात होता. मी व्यापाऱ्याचा माणूस बनून गेलो, भाव ठरवला, गाडीचा नंबर घेतला. फ्लेच डोक्यात होताच, खोटं कशाला बोलू. कुठल्या रात्री यायचं, कोणाशी बोलायचं, हे मला एका हमालाने सांगितलं होतं. बातमी गाजली. एकाची बदली झाली, दोन महिने गोदाम सुतासारखं चाललं. संपादकांनी फोन करून शाबासकी दिली.

त्या हमालाला मात्र पुढे कोणी पोतं उचलू दिलं नाही. कोणी काढलंही नाही. सकाळी नंबर यायचाच नाही. चार महिन्यांनी तो बायकापोरांना घेऊन पुण्याकडे गेला. जायच्या आधी स्टँडवर भेटला तेव्हा एवढंच विचारलं, "दादा, माझं नाव छापलं नव्हतं ना?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. पण ती वेळ ठाऊक असलेले गोदामात तिघेच होते.