दिवाळीचा किल्ला: चिमुकल्यांसाठी अंगणातले सोपे रंगकाम

अमेरिकेत आणि युरोपात ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो. लहानांच्या हाती सुरी द्यायला नको म्हणून तिथे भोपळा कोरण्याऐवजी रंगवायला देतात. महाराष्ट्रात याच सुमारास मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. किल्ल्याची बांधणी मोठी मुले करतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांना मात्र ‘हात लावू नको’ एवढेच ऐकावे लागते. रंगकामात त्यांनाही खरा वाटा देता येतो.

तिकोना सोपा का?

मावळातील तिकोना पेठ या गावाजवळचा तिकोना ऊर्फ वितंडगड त्याच्या त्रिकोणी आकारामुळे ओळखला जातो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत त्याचा समावेश होता. पायथ्याशी पवना धरणाचा जलाशय आहे. निमुळता ढीग, वर महादेवाचे मंदिर आणि खाली पाणी एवढे झाले की तिकोना तयार होतो. तटबंदी थोडी वाकडी झाली तरी बिघडत नाही.

घरगुती रंग

दोन चमचे मैदा एक कप पाण्यात कालवून मंद आचेवर खळ शिजवावी. ती पूर्ण थंड झाल्यावर वाट्यांमध्ये वाटून घ्यावी.

- पिवळा: हळद
- गुलाबी: बिटाचा रस
- हिरवा: वाटलेला पालक, गाळून
- तांबूस: हळदीत चिमूटभर खाण्याचा सोडा. सोड्यामुळे हळदीचा रंग बदलतो आणि मुलांना ही गंमत फार आवडते.

हळद लाल करण्यासाठी चुना वापरू नये. चुन्याने त्वचा आणि डोळे भाजू शकतात. खळीचे रंग त्याच दिवशी संपवावेत, नाहीतर ते आंबतात आणि त्यांना मुंग्या लागतात.

चार कामे

१. तटाचे दगड: मुलाच्या मुठीपेक्षा मोठे, गुळगुळीत दगड धुऊन वाळवावेत आणि रुंद ब्रशने रंगवायला द्यावेत. तेच पुढे बुरूज आणि पायऱ्या होतात.

२. भेंडीचे ठसे: भेंडी आडवी कापली की तिचा ठसा फुलासारखा उमटतो. जुन्या पुठ्ठ्यावर असे ठसे उमटवले की किल्ल्यामागची रानफुले तयार होतात.

३. पवनेचे पाणी: उथळ थाळीच्या आतल्या बाजूला निळा खडू घासू द्यावा आणि थाळी किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवावी. त्यात पाणी ओतू नये. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते.

४. पाण्याचे रंगकाम: फरशीवर किंवा भिंतीवर नुसत्या पाण्याने ब्रश फिरवू द्यावा. ओले चित्र उन्हात नाहीसे होते आणि पुन्हा काढता येते. सगळ्यात लहान मुलांसाठी हेच काम उत्तम.

ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी टाकायचे कामही मुलांना जमते. बी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी टाकले तर सणापर्यंत हिरवळ दिसू लागते.

कोणते रंग टाळावेत?

या वयात हात सतत तोंडात जातात, म्हणून रंगाची निवड सर्वांत महत्त्वाची. घरात पडून असलेले ऑइल पेंटचे जुने डबे मुळीच वापरू नयेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत शिसे जास्त असू शकते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधक ठरते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. रांगोळीचे कोरडे रंग आणि गेरूची पूड श्वासावाटे जाते, त्यामुळे तेही मोठ्यांनीच हाताळावेत.

मावळे, तोफा अशी छोटी चित्रे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, ती घशात अडकू शकतात. पणत्या लावताना गोणपाटापासून दूर ठेवाव्यात.

वेळ आणि आवराआवर

सकाळच्या कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे पुरेशी असतात. जुने कपडे घालावेत. हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळवला की फिका पडतो. शेवटी मुलांचे हात साबणाने धुवावेत. सण संपल्यावर माती कुंड्यांत परत टाकावी, रंगवलेले दगड मात्र पुढच्या वर्षीच्या किल्ल्यासाठी जपून ठेवावेत.