प्रतिविषाच्या इतिहासात उंदराचे स्थान

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत भात आणि नाचणी ही प्रमुख पिके होत. आवणीपासून कापणीपर्यंत चिखलात व बांधांवर वावरणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी आदी समाजांना सर्पदंशाचे भय नित्याचे असते. दंशानंतर रुग्णालयात जे प्रतिविष टोचले जाते, त्याच्या इतिहासात घोड्याचे नाव सर्वश्रुत आहे. उंदराचे मात्र उपेक्षित राहिले.

इ. स. १८९० मध्ये बर्लिन येथे बेरिंग व कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताचे विष अल्प मात्रेने पचविलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचे निवारण करणारा गुण उत्पन्न होतो व तो दुसऱ्या प्राण्यास देता येतो. हा गुण प्रतिपिंडांचा होय. लवकरच काल्मेत यांनी हेच तत्त्व सर्पविषास लावले. मुंबईत परळ येथील प्लेग प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. पुढे तेथे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर घोड्यांपासून संयुक्त प्रतिविष सिद्ध होऊ लागले. लोकव्यवहारात त्यासही लसच म्हणतात. परंतु लस शरीराकडून प्रतिपिंडे निर्माण करविते, तर प्रतिविषातून ती आयती मिळतात व काही काळाने नष्ट होतात. म्हणून पूर्वीचे प्रतिविष नव्या दंशास उपयोगी पडत नाही.

घोडा प्रतिपिंडे देतो. त्यांचे बळ ठरवितो तो उंदीर. विष व प्रतिविष यांचे मिश्रण उंदरांस टोचून किती जगतात ते पाहतात. भारतीय मानकानुसार १ मिलिलिटर प्रतिविषाने नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६, तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावयास हवे.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंडकारक पेशींचा कर्कपेशींशी संकर घडवून एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड मिळविली. १९८४ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. मापक उंदीर आता निर्माताही झाला. भारतात सर्पदंशावर मात्र आजही घोड्याचेच प्रतिविष वापरले जाते.

तथापि मापाची विश्वसनीयता विषाच्या मूलस्थानावर अवलंबून असते. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेकडून येते. आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे भिन्न असते. म्हणून कुपीवरील आकडा जव्हारच्या घोणसासही तितकाच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. स्थानिक विषावर पारख झाल्याविना तो आकडा अपुराच होय.