गुणप्रसंगांचा अग्रक्रम
संगणकप्रणालीच्या वास्तुरचनेचे मूल्यमापन करताना तिच्या अपेक्षित गुणांची प्रत्यक्ष प्रसंगांच्या रूपाने मांडणी करून, त्यांपैकी कोणते प्रसंग आधी तपासावयाचे हे ठरविण्याची पद्धती. वेग, उपलब्धता, सुरक्षितता, परिवर्तनक्षमता हे गुण सर्वांनाच हवे असतात. परंतु ‘प्रणाली जलद असावी’ एवढ्या विधानावरून काहीच तपासता येत नाही. म्हणून घटना कोणती, ती कोणामुळे घडली, त्या वेळची परिस्थिती, प्रणालीचा कोणता भाग तीत सापडला, प्रतिसाद काय मिळावा व तो कसा मोजावा, अशा सहा अंगांनी प्रसंग सांगतात.

या विचाराचा उगम अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत (स्थापना १९८४) झाला. १९९४ मध्ये रिक कॅझमन, लेन बास इत्यादींनी प्रसंगांवर आधारलेली पहिली पद्धती प्रसिद्ध केली. तिचा भर मुख्यतः परिवर्तनक्षमतेवर होता. एक गुण वाढविला की दुसरा घटतो, उदा., सांकेतिकीकरणाने सुरक्षितता वाढते पण वेग मंदावतो, ही अडचण तीत पुरेशी सुटत नव्हती. त्यामुळे कॅझमन, मार्क क्लाइन व पॉल क्लेमंट्स यांनी तडजोडींचे विश्लेषण करणारी ‘अ‍ॅटम’ पद्धती विकसित केली (२०००). तीत ‘उपयुक्तता-वृक्ष’ रचून प्रत्येक प्रसंगास महत्त्व व साध्य करण्यातील अवघडपणा अशा दोन अंगांनी उच्च, मध्यम वा कनिष्ठ श्रेणी देतात. नंतर वापरकर्त्यांसह सर्व हितसंबंधी प्रसंग सुचवून मतदान करतात. प्रत्येकास एकूण प्रसंगांच्या ३० टक्के मते असतात. या मतदानात वर आलेला प्रसंग वृक्षात नसेल, तर तेच धोक्याचे चिन्ह मानतात. पद्धतीचे खरे मर्म येथेच आहे.

पद्धतीचे नाव न घेताही प्रत्येक प्रणालीत अग्रक्रम ठरतोच. महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजना याचा बोलका दाखला होत. कोरडवाहू कापसाचा यवतमाळ जिल्हा शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ च्या केंद्रीय मदत योजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत होता. तेव्हा अशा प्रणालीतील विलंब येथे केवळ तांत्रिक राहत नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांची मर्यादा कुटुंबास होती. पती, पत्नी व १८ वर्षांखालील अपत्ये मिळून कुटुंब. ही माहिती कोणत्याच बँकेजवळ नसल्याने शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवावे लागले व ते बँकांच्या नोंदींशी जुळवावे लागले. म्हणजे अपात्रास लाभ न जाणे हा प्रसंग वरच्या श्रेणीत गेला. अर्ज २४ जुलैपासून सप्टेंबरपर्यंत घेतले गेले. हे दिवस डवरणी-निंदणीचे. झरी-जामणी वा घाटंजीकडच्या शेतकऱ्याने मजुरी बुडवून, पत्नीसह सेवा केंद्रावर जावे आणि जोडणी तुटल्याने परतावे, हा प्रसंग कोणत्या श्रेणीत होता, हा प्रश्न रास्त ठरतो. नोंदी जुळविण्यात पुढे बराच विलंब झाला.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हे एकक धरले व मर्यादा दोन लाख रुपये ठेवली. या एका बदलाने बँकांची माहिती पुरेशी ठरून अर्जाची गरजच उरली नाही. विशिष्ट क्रमांकांसह याद्या गावात लावल्या गेल्या, शेतकऱ्याने एकदाच आधार-प्रमाणीकरण करावयाचे आणि रक्कम अमान्य असल्यास तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जावयाची. कुटुंबनिहाय मर्यादेचा काटेकोरपणा मात्र सोडावा लागला. तडजोड ती हीच.

तरीही एक प्रसंग दोन्ही वेळी अवघडच राहिला. खातेदार मरण पावलेला असल्यास त्याचे प्रमाणीकरण होऊ शकत नाही. वारसाची नोंद आधी बँकेत व्हावी लागते. राज्याच्या एकूण खात्यांत हा प्रसंग विरळा दिसतो, म्हणून केवळ संख्येवर श्रेणी दिल्यास तो तळाशी जातो. यवतमाळमधील मतदानात तो तेथे राहिला नसता.