फूट पडली म्हणजे चळवळ संपली का?

प्राणिहक्क चळवळीवर प्रपोजल लिहायला घेतलंत की एक वाक्य आपसूक येतं: 'अंतर्गत मतभेदांमुळे चळवळ कमकुवत झाली.' मीही लिहिलं होतं. गाईडनी विचारलं, 'पुरावा?' माझ्याकडे नव्हता. म्हणून आज एक उदाहरण बघू.

फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी 1875 मध्ये लंडनला जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध संस्था काढली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, पण त्याने प्रयोग थांबले नाहीत. परवाना घेऊन ते करता येऊ लागले. इथून वाद सुरू झाला. पूर्ण बंदीच मागायची, की मिळेल ती सुधारणा पदरात पाडून पुढे जायचं? 1898 मध्ये संस्थेच्या कौन्सिलने स्टीफन कोलरिज यांचा टप्प्याटप्प्याचा मार्ग 29 विरुद्ध 23 मतांनी मान्य केला. पंचाहत्तरी गाठलेल्या कॉब स्वतःच उभी केलेली संस्था सोडून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी पूर्ण बंदीसाठी नवी संघटना काढली.

इथे थांबलात तर तुमचं वाक्य खरं वाटेल. पण पुढे बघा. 1903 मध्ये दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी एका तपकिरी कुत्र्यावरचा प्रयोग पाहून नोंदी केल्या आणि त्या कोलरिजकडे नेल्या. त्यांनी जाहीर आरोप केला, बदनामीचा खटला हरले आणि 2000 पौंड भरपाई द्यावी लागली. तरी प्रकरण मिटलं नाही. 1906 मध्ये बॅटरसीत त्या कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. 1907 मध्ये वैद्यकीय विद्यार्थी ते पाडायला निघाले, तेव्हा कामगार आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया बचावाला आल्या. 1910 मध्ये स्मारक हटवलं गेलं. 1985 मध्ये चळवळीने तिथल्याच बागेत नवं उभारलं.

म्हणजे धोरणावर जे एकत्र बसू शकले नाहीत, त्यांच्या चळवळीला एका ठोस गोष्टीभोवती बाहेरचेही सोबती मिळाले. पण लगेच 'फुटीमुळे फायदा झाला' असंही लिहू नका. त्यालाही पुरावा लागतो.

एक सांगते. संस्थांच्या इतिवृत्तांत भांडणं ठळक दिसतात, कारण मतं मोजली आणि लिहिली जातात. मोर्च्यात कोण कुणाशेजारी चाललं, हे तिथे सापडत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार, कोर्टाची कागदपत्रं चाळावी लागतात. तुम्ही फक्त इतिवृत्तं वाचलीत तर फूटच सापडणार. तेव्हा स्रोत ठरवतानाच विचारा: यात सहकार्य दिसण्याची सोय तरी आहे का?