लिलावातलं घर स्वस्त मिळतं, पण अडकतं कुठे? जव्हार-मोखाड्यात बोली लावण्याआधी हे वाचा

'बँकेने जप्त केलेलं घर, बाजारभावापेक्षा कमी किमतीत' अशी पोस्ट तुमच्याही मोबाइलवर आली असेल. जानेवारी २०२५ पासून सरकारी बँकांच्या लिलावातल्या मालमत्ता 'बँकनेट' या एकाच पोर्टलवर पाहता येतात. 'पालघर जिल्हा' निवडलं की वसई-विरारच्या फ्लॅटपासून डोंगराळ तालुक्यांतल्या घर-जागेपर्यंत काहीही समोर येऊ शकतं.

घर खरंच स्वस्त मिळू शकतं. पण किंमत कमी असण्याची कारणं जाहिरातीत ठळक छापलेली नसतात. जव्हार आणि मोखाड्यात तर जमिनीच्या कायद्यामुळे ही कारणं आणखी वाढतात.

बँक घर विकते ते कोणत्या कायद्याने?

२००२ च्या सरफेसी कायद्याने. कर्ज थकलं की बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते. पैसे आले नाहीत तर ताबा घेते आणि मग मालमत्ता लिलावात काढते. यासाठी आधी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं.

पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याने होते. तिथले नियम आणि मुदती वेगळ्या असतात. त्यामुळे लिलाव कोणाचा आणि कोणत्या कायद्याखाली, हे सगळ्यात आधी पाहा.

जव्हार-मोखाड्यात वेगळं काय?

हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे घराच्या आधी घराखालची जमीन तपासावी लागते.

पहिला मुद्दा आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यासाठी राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. 'विक्री' या शब्दात न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाने होणारी विक्रीही येते. म्हणजे 'लिलावातून घेतलं' एवढं सांगून सुटका नाही. परवानगीशिवाय व्यवहार झाला तर जमीन परत काढून घेतली जाऊ शकते. खरेदीदार स्वतः आदिवासी असेल, तरी कोणती परवानगी लागेल हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

दुसरा मुद्दा वनपट्ट्याचा. वनहक्क कायदा २००६ नुसार मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. अशा जमिनीवरचं घर कोणी 'लिलावातलं' म्हणून दाखवलं, तर तिथेच थांबा.

तिसरा मुद्दा शेतजमिनीचा. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. घर उभं आहे, पण सातबाऱ्यावर जमीन शेतीचीच असेल, तर कर्जदार याच मुद्द्यावर लिलावाला आव्हान देऊ शकतो.

चौथी गोष्ट ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची. त्यावर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. ती कर आकारणीची नोंद आहे. मालकीसाठी सातबारा, फेरफार, गावठाणात किंवा शहरात असेल तर मिळकत पत्रिका आणि जुनी खरेदीखतं पाहावी लागतात. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना आणि भोगवटादार वर्ग नक्की वाचा. पेसा कायदा १९९६ मध्ये जमीन आदिवासींच्या हातून जाऊ नये म्हणून ग्रामसभेलाही अधिकार दिले आहेत. त्यामुळे गावात विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैशांचं गणित कुठे फसतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराची राखीव किंमत १२ लाख रुपये. इसारा अनामत रक्कम १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. ही बोलीआधीच भरायची. तुमची १३ लाखांची बोली मान्य झाली.

आता त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी बोलीच्या २५ टक्के रक्कम पूर्ण करायची, म्हणजे ३ लाख २५ हजार. अनामत वजा जाता २ लाख ५ हजार लगेच हवेत. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ९ लाख ७५ हजार भरायचे. बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंतच.

गृहकर्ज मात्र १५ दिवसांत हातात पडेलच असं नाही. कर्ज देणारी बँक कागदपत्रं, मूल्यांकन आणि वकिलाचा अहवाल मागते. जमिनीचा प्रकार अडचणीचा असेल तर अर्ज नाकारलाही जातो. शिवाय ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा.

पैसे वेळेत आले नाहीत तर? भरलेली रक्कम जप्त होते. 'कर्ज मंजूर झालं नाही' ही सबब चालेल या भरवशावर राहू नका. २ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या बाजूने निर्णय देत २५ टक्के रक्कम जप्त करणं योग्य ठरवलं. आपल्या उदाहरणात ३ लाख २५ हजार गेले आणि घरही नाही.

ताबा मिळतोच का?

जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' आणि 'प्रत्यक्ष ताबा' यांपैकी काय लिहिलंय ते पाहा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस लावली आहे, पण आत कुटुंब किंवा भाडेकरू राहत असू शकतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तोवर तुमचा हप्ता सुरू झालेला असू शकतो.

कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणातही जाऊ शकतो. त्यासाठी कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे. बाफना मोटर्स प्रकरणात लिलाव जिंकणाऱ्या कंपनीने १०५ कोटी ५ लाख रुपये पूर्ण भरले होते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने कर्जदाराला मालमत्ता सोडवून घेण्याची मुभा दिली. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा हा हक्क संपतो, असं सांगितलं. खरेदीदार जिंकला, पण त्यासाठी त्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

जुनी थकबाकी कोणाच्या डोक्यावर?

जाहिरातीत 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे' असं छापलेलं असतं. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीची बाकी यांची चौकशी खरेदीदाराने करायची, असा त्याचा अर्थ. आधीच्या मालकाचं थकलेलं वीजबिल नियमांनुसार लिलावातल्या खरेदीदाराकडून वसूल होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं आहे.

वसई-विरारचा फ्लॅट घेणं जास्त सुरक्षित?

तिथला धोका वेगळा आहे, तो अनधिकृत बांधकामाचा. नालासोपारा पूर्वेला आरक्षित भूखंडावर उभ्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. बँकेकडे घर गहाण आहे म्हणजे इमारत अधिकृत आहे, असं होत नाही. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेतून पडताळून घ्या.

बोली लावण्याआधी काय करायचं?

- जाहिरातीतला गट किंवा सर्व्हे क्रमांक सातबाऱ्याशी जुळवा.
- जमीन आदिवासी खातेदाराची, वनपट्ट्याची किंवा शेतीची आहे का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.
- किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढा आणि 'सरसाई' नोंदणीत दुसऱ्या कोणाचा बोजा आहे का पाहा.
- कर्जदाराने कुठे दावा लावलाय का, हे प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा.
- घर प्रत्यक्ष पाहा, शेजाऱ्यांशी बोला, वीजबिल आणि घरपट्टीची बाकी विचारा.
- अनामत भरण्याआधी गृहकर्जाची मंजुरी घ्या. ती नसेल तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत कुठून येईल, हे कागदावर मांडा.

यापैकी एकाही मुद्द्याचं उत्तर 'बघू, होईल' असं मिळत असेल, तर त्या लिलावात अनामत भरू नका.