मापाचा धडा



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाला मोबाइलवरून प्रशिक्षण मिळालं. विषय होता रोकडवही आणि कर्जाच्या नोंदी. चार दिवस, सकाळी दहा ते बारा. समाजमंदिरात एका खुर्चीवर मोबाइल उभा केला आणि आम्ही चौदा जणी त्याच्यापुढे दाटीवाटीनं बसलो. पलीकडून सर पडद्यावरचं लिखाण वाचून दाखवत होते. ते अक्षर आम्हाला मुंगीएवढं दिसत होतं. आमच्या बाजूचा आवाज बंद ठेवायला सांगितलेला, त्यामुळे शंका विचारायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी उरलो. बाकीच्या भांगलणीला गेल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गंमत अशी, की हेच सर दोन वर्षांपूर्वी गावात येऊन गेले होते. तेव्हा त्यांनी आमच्याच वह्या मांडीवर घेऊन एकेकीला तिची चूक दाखवली होती. ते शिकवणं आजही लक्षात आहे. सर तेच, विषय तोच, बायकाही त्याच. मग बिघडलं कुठे? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी शोधत गेले. तेव्हा कळलं, की लांब बसून शिकवायची खटपट मोबाइलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि त्यात बायकांचा मोठा हात आहे.

अमेरिकेत बॉस्टन नावाचं शहर आहे. तिथे 1873 साली ॲना टिकनर या बाईंनी घरी राहून अभ्यास करणाऱ्या बायकांसाठी एक संस्था काढली. त्यांचे वडील नावाजलेले प्राध्यापक होते, घरात पुस्तकंच पुस्तकं. पण बाहेर बहुतेक मुलींना कॉलेजची दारं बंद होती, आणि लग्न झालं की पुस्तक हातातून सुटायचं. टिकनरबाईंनी मार्ग काढला पोस्टाचा. सतरा वर्षांपुढच्या कुठल्याही बाईनं वर्षाला दोन डॉलर भरावेत आणि आपल्याला हवा तो विषय निवडावा. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या 45. संस्था चोवीस वर्षं चालली, तेवढ्यात सात हजारांहून जास्त जणी तिथे शिकल्या.

पण मला आकड्यांपेक्षा त्यांची रीत आवडली. शिकवणाऱ्याही बायकाच होत्या, बिनपगारी. त्यांतल्या बहुतेकींनी कधी वर्गापुढे उभं राहून भाषण केलेलं नसणार. पण पत्र लिहिणं त्यांच्या हातातलं होतं. म्हणून अख्खी शाळाच पत्रांवर उभी केली. विद्यार्थिनीनं पुस्तक वाचायचं, मिटून ठेवायचं, आठवेल ते लिहून काढायचं आणि महिन्याला पाठवायचं. शिक्षिका ते वाचून तिच्या एकटीसाठी उत्तर लिहायची. कोणी भराभर पुढे जाई, कोणाचं बाळंतपण असे, कोणाला एकेका पुस्तकाला महिनोन्महिने लागत. जिचा जसा वेग तसा तिचा अभ्यास. ज्यांच्या गावात पुस्तकं मिळत नव्हती त्यांना संस्था आपल्या संग्रहातली पुस्तकं पोस्टानं वापरायला देई.

आता इतिहास आणि साहित्य पत्रानं शिकवता येईल. विज्ञानाचं काय? तो विभाग 1876 पासून एलन स्वॅलो रिचर्ड्‌स यांनी सांभाळला. बॉस्टनच्या प्रसिद्ध तंत्रशाळेतून, म्हणजे एमआयटीतून, पदवी घेणाऱ्या या पहिल्या बाई. दगड कसा ओळखायचा हे नुसतं लिहून कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पत्राबरोबर खनिजांचे नमुने जात, सूक्ष्मदर्शक यंत्रसुद्धा जाई. हातात घ्या, बघा, मग लिहा. पुढे विद्यार्थिनींच्या पत्रांतून अभ्यासाशिवायचंही बरंच येऊ लागलं. थकवा, दुखणी, कामाचा रगाडा. मग आरोग्य हासुद्धा शिकवायचा विषय झाला. तो विषय त्या पत्रांनीच सुचवला होता.

1896 साली टिकनरबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षी संस्था बंद झाली. एका माणसाच्या जिवावर उभं केलेलं काम असं थांबतं, ही त्या कामातली उणीव म्हणायची. आपल्या गटांनाही ती लागू आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे, आणि तीही रेडिओची. 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास शेतीवर आणि गावाच्या कामांवर कार्यक्रम, असे दहा आठवडे. रेडिओवर शेतीचे कार्यक्रम आधीही होतेच. नवी होती ती ऐकण्याची तऱ्हा. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं मंडळ केलं, एक जण चालक नेमला. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळ चर्चेला बसायचं. पटलं काय, आपल्या शिवारात जमेल काय, अडतंय कुठे, हे कागदावर लिहून पुण्याला पाठवायचं. त्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. ही पद्धत मुळात कॅनडातल्या शेतकऱ्यांची. तिथे 1941 पासून ती चालू होती. पण भाषा, विषय, उदाहरणं सगळी इथल्या मातीतली घेतली.

मग टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूराथ या अभ्यासकानं त्याची तपासणी केली. काही गावांत मंडळ होतं, काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काही गावांत रेडिओही नव्हता. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ जेमतेम. म्हणजे आवाज दोन्हीकडे पोचत होता, पण बसून बोलणं एकाच ठिकाणी होतं.

कौतुकाबरोबर एक सल मात्र राहते. ही मंडळं प्रामुख्यानं पुरुषांचीच होती. संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाला बायका कुठे होत्या, हे तुम्हाला सांगायला नको. वेळ ठरवताना चुलीला कोणी विचारलं नव्हतं.

आता इंटरनेटवर येऊ, पुन्हा अमेरिकेतच. 2011 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सबॅस्टियन थ्रुन यांनी एका सहकाऱ्यासोबत संगणकशास्त्राचा एक वर्ग इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला केला. जगभरातून सुमारे 1,60,000 लोकांनी नावं घातली. पूर्ण केला साधारण 23,000 जणांनी. तरी गाजावाजा असा झाला, की आता शाळा-कॉलेजांचं काही खरं नाही. थ्रुन यांनी उडॅसिटी ही कंपनी काढली आणि जानेवारी 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर गणिताचे तीन अभ्यासक्रम सुरू केले.

इथे विद्यार्थी वेगळे होते. काही जण त्याच गणितात आधी नापास झालेले, काही शाळकरी मुलं, आणि त्यांतल्या काहींकडे घरी संगणकच नव्हता. पायाभूत गणितात एक तृतीयांश मुलंही पास झाली नाहीत. संख्याशास्त्रात निम्म्याच्या आसपास झाली. जुलैमध्ये पुढचे वर्ग थांबवायचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात थोड्या सुधारणा करून हेच अभ्यासक्रम बाहेरच्यांनाही दिले होते, त्यांचा निकाल मात्र बराच चांगला लागला. कारण त्यांतल्या पुष्कळ जणांकडे आधीचीच पदवी होती. ज्याला शिकायचं कसं हे ठाऊक आहे, तो पडद्यावरूनही शिकतो. ज्याचं गणित पहिल्यापासून कच्चं आहे, त्याला शेजारी बसून धीर देणारं कोणीतरी लागतं. आपला माल या मुलांसाठी बरा नव्हता, असं पुढे खुद्द थ्रुन यांनीच बोलून दाखवलं. एवढा मोठा माणूस हे उघड बोलला, त्याचं मला बरं वाटलं.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं. शेवंताकाकू म्हणाल्या, ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो, मग शिकायला बसताना का देत नाही? आम्ही सरांना फोन केला. रागावतील असं वाटलं होतं. पण तेच म्हणाले, मलासुद्धा कॅमेऱ्यापुढे सुचत नाही हो, समोर वही असली की बोलता येतं.

मग असं ठरवलं. दुपारी तीनची वेळ, एका दिवशी एकच नोंद. सर दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, चेहरा नाही. तो आम्ही समाजमंदिरात एकत्र ऐकतो, हव्या तितक्या वेळा. मग प्रत्येकीनं आपल्या वहीत नोंद करायची आणि त्या पानाचा फोटो सरांना धाडायचा. लोणच्याचं प्रशिक्षण मात्र आम्ही मोबाइलवर नको म्हणून सांगितलं. खाराला मीठ किती, ते बोटाला लागल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी ताई तालुक्याहून येणार आहेत.

गेल्या मंगळवारी काकूंच्या पानाचा फोटो गेला. सरांनी शिल्लक रकमेभोवती लाल गोल करून परत पाठवला. सात रुपयांचा फरक होता. काकूंनी चष्मा लावून सगळं पान वरपासून पुन्हा मांडलं, आणि तासाभरानं ते सात रुपये चहा पावडरीच्या पुड्यात सापडले.